गाईची तब्येत कशी ओळखावी?

आपला भाग गुराढोरांचा. लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार ही गावे गाईंमुळे नावाजली. देवणी गाय आणि लाल कंधारी गाय आपण माळेगावच्या जत्रेत पारखून घेतो. पण पारख फक्त घेतानाच करायची नाही. ती रोज करायची.

गाईला बोलता येत नाही. तिचे अंग बोलते. सकाळी गोठ्यात गेलात की आधी दोन मिनिटे नुसते पाहा.

निरोगी गाय माणूस येताच मान वळवते. तिचे कान हलत असतात. डोळे पाणीदार असतात. नाकाचा शेंडा ओलसर असतो. केस चमकतात. ती कडबा आवडीने खाते आणि निवांत बसून रवंथ करते. रवंथ करणे थांबले, तर काही बिघडले असे समजा.

शेण फार पातळ नसावे, फार घट्टही नसावे. गाय सावलीत शांत उभी असताना तिची कूस पाहा. मिनिटाला १५ ते ३० वेळा श्वास चालतो. निरोगी गाईचे अंग सुमारे १०१.५ अंश, म्हणजे आपल्यापेक्षा गरम असते. म्हणून नुसता हात लावून ताप ठरवू नका.

कास मऊ असावी. एकदा आमच्या गाईचे दूध संध्याकाळी निम्मे झाले. "पान्हा चोरते," असे म्हणून मी तिलाच रागावलो. कासेला हात लावून पाहिला नाही. सकाळी कास दगडासारखी झाली होती. तो दगडी रोग होता. डॉक्टर आले. गाय वाचली, पण एक सड कायमचा गेला. तिने सांगितले होते. मीच ऐकले नाही.

म्हणून पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढा. गुठळ्या दिसल्या, अंगावर २०२२ च्या लम्पीसारख्या गाठी उठल्या किंवा चारा सुटला, तर थांबू नका. ते जनावर वेगळे बांधा. जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या नंबरवर फोन करा.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. रोज तारीख आणि दूध लिहा. दूध घटले की वही लगेच सांगेल.

प्रश्न :
१. निरोगी गाय कशी दिसते?
२. आज तुमच्या गाईने किती दूध दिले? वहीत लिहा.