नेट येतंय, पण साइट उघडत नाही

डीटीपीच्या धंद्यात जुना कॉम्प्युटर कोणी हौसेनं सांभाळत नाही. माझ्याकडचा डेस्कटॉप २०१२-१३ च्या सुमाराचा, विंडोज ७ वरचा. त्यावर पेजमेकर ७ आहे, श्रीलिपी आहे, तिचं लॉक आहे आणि वर्षानुवर्षांच्या स्मरणिका, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांच्या फाइली आहेत. या फाइली युनिकोडमधल्या नाहीत. श्रीलिपीचे फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या तर पानभर नुसता अगम्य चिन्हांचा सडा पडतो. त्यामुळे कोणी टेक्निशियन बॅग खाली ठेवायच्या आत “फॉरमॅट मारून टाकू, मॅडम” म्हणाला, की माझ्या पोटात गोळा येतो.

ऐन दिवाळी अंकांच्या हंगामात या मशीनचं वाय-फाय रुसलं. कधी मधेच तुटायचं, कधी कांड्या पूर्ण दिसायच्या पण एकही साइट उघडायची नाही. पहिला टेक्निशियन म्हणाला, मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या. दुसऱ्यानं नवा यूएसबी अ‍ॅडॉप्टर लावला, पैसे घेतले आणि तो जिना उतरतोय तोवर नेट पुन्हा गेलं. मदरबोर्ड ठणठणीत होता आणि जुन्या अ‍ॅडॉप्टरलाही काही झालेलं नव्हतं. दोष दोन होते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

असे दोन दोष एकत्र नांदतात तेव्हा भल्याभल्यांची फसगत होते. एक दुरुस्त केला तरी दुसरा तेच लक्षण दाखवत राहतो. मग बरोबर केलेला उपाय ‘उपयोग नाही’ म्हणून मागे घेतला जातो आणि गाडी पुन्हा मूळपदावर. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं ते वहीत लिहायचं आणि लक्षण गेलं नाही म्हणून बदल लगेच उलटा फिरवायचा नाही.

पहिला दोष घड्याळाचा होता. मदरबोर्डवर रुपयाएवढा एक चपटा सेल असतो, सीआर २०३२. भिंतीवरचं बटण बंद असताना तारीख आणि बायोसची सेटिंग तोच जपतो. आम्ही रात्री दुकान बंद करताना मेन स्विचच पाडतो. सेल संपल्यावर सकाळी मशीन सुरू केली की काळ्या पडद्यावर ‘एफ वन दाबा’ असा संदेश येतो, तो कोणी वाचत नाही, बोट आपोआप एफ वनवर जातं. कोपऱ्यातल्या घड्याळात मात्र मशीनच्या जन्माच्या आसपासची तारीख असते. वाय-फायला तारखेशी देणंघेणं नाही, ते जोडलं जातं. पण आता जवळजवळ प्रत्येक साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असा कालावधी असतो. कॉम्प्युटरच्या हिशेबानं तो कालावधी सुरूच झालेला नसतो. मग ब्राउझर कनेक्शन सुरक्षित नसल्याचा इशारा देतो आणि आपण बिचाऱ्या राउटरला दोष देतो. फरक वर्षांचा असेल तर विंडोज तो आपणहून सुधारेल या भरवशावर राहू नका.

सेल पन्नास रुपयांच्या आत मिळतो. मशीन चांगली चालत असताना तो बदलणार असाल, तर आधी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल काढला की सेटिंग मूळपदावर जातात, आणि हार्ड डिस्कचा मोड बदलला गेला तर विंडोज सुरू होताना निळा पडदा दाखवते. तो पाहून ‘मदरबोर्ड गेला’ म्हणणारा कोणीतरी भेटतोच. मेनची वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाला.

दुसरा दोष जागेचा. अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, आणि त्याच्या शेजारच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात बॅकअपची हार्ड डिस्क. यूएसबी ३ मधून डेटा धावू लागला की त्याचा रेडिओ-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, आणि जुने अ‍ॅडॉप्टर नेमके तिथेच काम करतात. इंटेलनं २०१२ मध्येच याबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय. मला सुगावा लागला तो वहीमुळे. नेट तुटल्याच्या वेळा आणि बॅकअप सुरू केल्याच्या वेळा जुळत होत्या. मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेतली, अ‍ॅडॉप्टर कॅबिनेटमागून काढून टेबलाच्या वर, मॉनिटरशेजारी उभा केला आणि तुटणं थांबलं. मधे लोखंडी कपाट असेल तर तेही सरकवून पाहा, पत्र्यातून सिग्नल जात नाही.

तुमच्या मशीनचा दोष याहून वेगळा असू शकतो, म्हणून आधी तो कुठे आहे ते ठरवा. मोबाइलचा डेटा बंद करा आणि त्याच वाय-फायवर, त्याच खुर्चीत बसून साइट उघडते का पाहा. मोबाइललाही उघडत नसेल तर कॉम्प्युटरला हात लावू नका, इंटरनेट कंपनीला फोन करा. कांड्या आहेत पण पिवळा त्रिकोण दिसतोय, तर कॉम्प्युटरचा आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. राउटर बंद-चालू करा, ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा टाका. पत्ता ठीक असून साइट उघडत नसेल तर तारीख बघा, मग ब्राउझर. विंडोज ७ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, त्यामुळे काही नव्या साइट तिथे नीट चालत नाहीत. त्यात मशीनचा दोष नाही.

नवा फायबरचा बॉक्स बसवल्यापासून वाय-फायचं नावच दिसत नसेल, तर त्यात २.४ चा पट्टा चालू आहे का ते कंपनीला विचारा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ वर ठेवली असेल तर जुना अ‍ॅडॉप्टर जोडला जात नाही, ‘डब्ल्यूपीए २ आणि ३’ असा मिश्र पर्याय निवडायला सांगा. चॅनेल १२ किंवा १३ असेल तर १, ६ किंवा ११ वर आणायला सांगा, काही अ‍ॅडॉप्टरना वरचे चॅनेल दिसत नाहीत.

नवा अ‍ॅडॉप्टर घ्यायचाच असेल तर खोक्यावर विंडोज ७ लिहिलंय का ते वाचूनच पैसे द्या. ड्रायव्हर सीडीवर येतो आणि सीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडलेला असतो. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. तेवढ्या नेटवर ड्रायव्हर उतरवून घेता येतो, तोही अ‍ॅडॉप्टर बनवणाऱ्याच्याच साइटवरून. इकडचे तिकडचे ‘ड्रायव्हर अपडेटर’ घरात घेऊ नका.

एवढं करून मशीन नेटवर आली तरी विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० पासून मोफत सुरक्षा दुरुस्त्या देणं थांबवलंय. म्हणून माझ्या डेस्कटॉपवरून फक्त पानांची पीडीएफ जाते आणि मजकूर येतो. बँक, जीएसटी, यूपीआय सगळं फोनवर, आणि काम संपलं की अ‍ॅडॉप्टर काढून ड्रॉवरमध्ये.