स्टोव्हची पिन काय करते?

तुमच्या माळ्यावर तीन पायांचा पितळी स्टोव्ह पडून आहे का? गॅस येण्यापूर्वी चहापासून पुरणापर्यंत सारे त्याच्यावर होई. तो खाली काढून पेटवला, तर बहुधा फुरफुरेल आणि पातेल्याचे बूड काळे करील. मग आजी म्हणेल, "पिन मार." पिन मारल्याने नेमके काय होते, ते आज पाहू.

हा स्टोव्ह स्वीडनमधील फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ साली तयार केला. १९५३ साली एव्हरेस्टच्या अखेरच्या चढणीच्या दिवशी हिलरीने थंडीने कडक झालेले बूट अशाच स्टोव्हच्या ज्योतीवर धरून मऊ केले होते!

पुष्कळांना वाटते, की पंपाने भरलेली हवा ज्योतीला मिळते. तसे नाही. ती टाकीतच राहते आणि रॉकेलला मधल्या नळीतून वर ढकलते. रॉकेल बर्नरच्या तापलेल्या नळ्यांत जाते व तेथे त्याची वाफ होते. साधारण १५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते उकळते, म्हणून आधी वाटीत स्पिरिट पेटवून किंवा काकडा लावून बर्नर तापवावा लागतो. घाई केलीत, तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच उडते आणि भडका होतो. ही वाफ निपलच्या, अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, भोकातून वेगाने सुटते. जाता जाता ती भोवतालची हवा ओढून घेते. ज्वलनाला लागणारी हवा ती हीच. ती पुरेशी मिळाली की ज्योत निळी. अपुरी पडली, तर कार्बनचे कण न जळता तापून पिवळे चमकतात आणि तेच पातेल्याला काजळी म्हणून चिकटतात.

तापलेल्या नळ्यांत रॉकेलचे काही रेणू मोडतात व कोळसा मागे राहतो. त्याचा कण भोकात अडकला, की वाफेची धार मंदावते. पिन हा कण दूर करते. पण जाड पिन वापरू नका. भोकाचा व्यास दीडपट झाला, तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होते! मग वाफ जास्त आणि हवा कमी, म्हणजे पुन्हा काजळीच. शिवाय पिनने ढकललेले कण आतच पडतात. म्हणून निपल मधूनमधून चावीने काढून रॉकेलने धुवावे. दुरुस्ती करणारे कारागीर तर सुटा बर्नर लालसर तापवून पाण्यात बुडवतात. पितळ झटकन आकसते. कोळसा तितका आकसत नाही, तो तडकून सुटतो. हे काम मात्र त्यांच्यावरच सोपवा. टाकीला तर कधीच आच दाखवू नका, तिचे डाग वितळतील.

निपल तुंबले असता जोराने पंप मारत राहणे ही सर्वांत धोक्याची चूक होय. वाट बंद, दाब मात्र वाढतो आहे. एखादा जुना सांधा फुटला, तर रॉकेलचा फवारा थेट विस्तवावर! ज्योत मंद दिसली, की हवा सोडायचा स्क्रू सैल करा, स्टोव्ह विझू द्या, गार होऊ द्या. साफसफाई त्यानंतर, आणि घरातील मोठ्या माणसाला जवळ बसवूनच.

टाकी पाऊणच का भरायची, तेही पाहा. एक लिटरच्या टाकीत २५० मिलिलिटर हवा ठेवून तिचा दाब बाहेरच्या दुप्पट केला, तर तितकेच रॉकेल जळेपर्यंत तो पुरतो. ५० मिलिलिटरच हवा ठेवली, तर तेवढे रॉकेल जळताच जोर संपतो. बॉइलचा नियम तुम्ही शाळेत शिकला आहातच.

पंप सैल लागत असेल, तर दट्ट्याचा चामडी वायसर वाळला असेल. त्याला तेल चोळा. तो फुगून नळीला घट्ट बसेल. बर्नरखालचा वायसर शिशाचा असतो. सारे जोडून झाले, की न पेटवता चार-पाच पंप मारा आणि सांध्यांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले, तर हवा सोडून शिशाचा वायसर बदला. नाही आले, तर काकडा स्पिरिटमध्ये बुडवायला हरकत नाही.