आजगावचे ‘मित्र’ आणि मराठी दिवाळी अंक
(अभ्यासलेख : इयत्ता आठवी ते दहावी, तसेच पालकांसाठी)

विद्यार्थीमित्रहो, दिवाळी म्हटली की आपल्या गोव्यात पहाटेचा नरकासुर, पायाखाली फोडलेले कारीट आणि नाना तऱ्हेचे फोव आलेच. पण मराठी घरात दिवाळीला आणखी एक फराळ असतो. तो म्हणजे दिवाळी अंक. कथा, कविता, लेख, व्यंगचित्रे आणि जाहिराती यांनी भरलेला हा जाडजूड अंक मराठी माणूस शंभराहून अधिक वर्षे वाचत आला आहे. एका सणाच्या निमित्ताने इतक्या नियतकालिकांनी खास साहित्याचे अंक काढावेत, हे मराठीचे मोठे वैशिष्ट्य मानले जाते.

ही प्रथा ज्यांच्यामुळे रुजली ते गृहस्थ आपल्या अगदी शेजारचे. पेडण्याची हद्द ओलांडून तेरेखोल नदीच्या पलीकडे गेले की सावंतवाडी तालुक्यात आजगाव हे गाव लागते. काशिनाथ रघुनाथ आजगावकर हे तिथले. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात मात्र ते ‘का. र. मित्र’ या नावाने ओळखले जातात. संपादक आणि प्रकाशक म्हणजे नेमके काय काम करणारा माणूस, हे आम्हाला या लेखात त्यांच्या उदाहरणावरून समजावून द्यायचे आहे.

छपाई आधी आली, मासिक नंतर

गोमंतकीय विद्यार्थ्याने एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. भाषा मराठी, पण लिपी रोमन. पुढे गोव्यातील छपाई थंडावली आणि १८२१ साली ती पुन्हा सुरू झाली.

मराठी नियतकालिकांचा उदय मात्र मुंबईत झाला. त्यातही कोकणचा माणूस पुढे होता. पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ हे वृत्तपत्र आणि १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले. त्यानंतर ‘विविधज्ञानविस्तार’ (१८६७), विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ (१८७४), मुलांसाठी ‘बालबोध’ (१८८१) आणि हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ (१८९०) अशी परंपरा तयार झाली. यांपैकी बहुतेकांचा भर ज्ञान, विचार आणि सुधारणा यांवर होता. घरातील सर्वांनी मिळून वाचावे, अशा वाचनाची भूक ‘करमणूक’ने जागी केली. ती पुढे भागवण्याचे काम मित्रांनी केले.

आजगावकरांचे ‘मित्र’ कसे झाले ?

काशिनाथपंतांचा जन्म १८७१ सालचा. पुढे ते मुंबईस गेले. त्यांना बंगाली भाषेची विलक्षण ओढ होती. ती भाषा ते शिकले, तिच्यातील साहित्य त्यांनी वाचले आणि काही मराठीत आणले. बंगालीवरील या प्रेमापोटीच ‘मित्र’ हे बंगाली आडनाव त्यांनी स्वीकारले आणि तेच कायम झाले.

त्या काळी बंगालमध्ये कथा-कादंबरीला बहर आला होता. शेजारच्या भाषेत काय चालले आहे ते पाहावे, आपल्याकडे काय उणे आहे ते ओळखावे आणि ते भरून काढावे, ही संपादकाची दृष्टी. मित्रांना ती दुसऱ्या भाषेच्या अभ्यासातून मिळाली. आपल्याकडे मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत मराठी आणि इंग्रजी शिकतात आणि हिंदीही ऐकतात. हे ओझे नसून भांडवल आहे, एवढा बोध आपल्या मुलांनी यातून घ्यावा.

‘मनोरंजन’चा संसार

१८९५ च्या जानेवारीत मित्रांनी ‘मनोरंजन’ हे मासिक सुरू केले. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती. पुढची पंचवीस वर्षे, १९२० साली मृत्यू येईपर्यंत, त्यांनी हे मासिक चालविले. त्यांच्यानंतरही ते चालू राहिले आणि १९३५ साली बंद पडले. म्हणजे एकूण चाळीस वर्षांचे आयुष्य. मराठी मासिकांच्या मानाने हे आयुष्य मोठेच म्हटले पाहिजे.

‘मनोरंजन’ने मराठीला काय दिले ? पहिले म्हणजे लघुकथा. त्यापूर्वी मासिकातील गोष्ट बहुधा क्रमशः चाले आणि वाचकाला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. ‘मनोरंजन’ने एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी ‘संपूर्ण गोष्ट’ लोकप्रिय केली. त्यासाठी लेखकाला पाल्हाळ आवरावा लागला. विठ्ठल सीताराम गुर्जर हे या मासिकामुळे घरोघरी पोचलेले कथाकार. त्यांनी बंगाली लेखक प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या कथांवरून बरेच लेखन केले. संपादकाची बंगालीची आवड मासिकाच्या पानांत कशी उतरते, ते यावरून दिसेल. मराठी कथेचा इतिहास लिहिणारे अभ्यासक ‘करमणूक’ कालखंडानंतर ‘मनोरंजन’ कालखंड असे वेगळे प्रकरणच करतात.

दुसरे म्हणजे कवितेला मिळालेली जागा. बालकवी, गोविंदाग्रज यांसारख्या कवींची कविता या मासिकातून वाचकांपुढे आली. तिसरे म्हणजे स्त्रियांचा सहभाग. बाईने लिहावे, आणि लिहिलेच तर ते स्वतःच्या नावाने छापावे, ही गोष्ट तेव्हा सोपी नव्हती. ‘मनोरंजन’ने स्त्रियांचे लेखन छापले, त्यांची छायाचित्रेही छापली. चौथे म्हणजे विशेषांक. एखाद्या थोर व्यक्तीवर सबंध अंक काढायचा, तिच्या सहवासातील माणसांकडून लिहवून घ्यायचे, ही पद्धत त्यांनी अवलंबिली. १९१६ सालचा आगरकर अंक अभ्यासकांना आजही उपयोगी पडतो.

मासिकाच्या जोडीला मित्रांनी ‘मनोरंजक ग्रंथप्रसारक मंडळी’ या नावाने पुस्तकेही प्रसिद्ध केली. मासिक लेखक शोधते आणि वाचक तयार करते. तोच वाचक पुढे त्या लेखकाचे पुस्तक विकत घेतो. संपादन आणि प्रकाशन ही दोन कामे एकमेकांना कशी उचलून धरतात, ते त्यांनी ओळखले होते.

१९०९ ची दिवाळी

इंग्रजी नियतकालिके नाताळात खास अंक काढीत. तसा अंक आपल्या सणाला का असू नये, असा विचार मित्रांनी केला आणि १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला. दिवाळीच्या निमित्ताने काही छापण्याचा प्रयत्न त्याआधीही झाल्याचे अभ्यासक दाखवून देतात. परंतु दिवाळी अंक ही संस्था रुजली ती ‘मनोरंजन’पासून, यात मतभेद नाही.

इंग्रजांचे अनुकरण म्हणून कोणी नाक मुरडील. पण त्यांनी घेतली ती फक्त कल्पना. अंकात आले ते मराठी लेखक, मराठी विषय आणि मराठी सण. बाहेरचे बी आणून आपल्या मातीत लावावे आणि पीक आपले घ्यावे, तसे हे झाले. पुढे एकामागून एक मासिके दिवाळी अंक काढू लागली. कित्येक लेखकांची पहिली कथा दिवाळी अंकात आली आणि कित्येक कादंबऱ्या आधी दिवाळी अंकात छापून आल्या.

संपादकाचे काम, प्रकाशकाचे काम

मुले आम्हाला विचारतात, “सर, संपादक म्हणजे लेखकच ना ?” तसे नव्हे. लेखक आपले लिहितो. संपादकाने दुसऱ्याचे लेखन वाचायचे, निवडायचे, नको ते सौजन्याने परत करायचे, सुधारणा सुचवायच्या आणि अंकाला आकार द्यायचा. परत पाठवलेल्या लेखनाचा लेखक रागावतो आणि छापलेल्या लेखनाचे श्रेय लेखकाला मिळते. दोन्ही गोष्टी संपादकाने मुकाट्याने स्वीकारायच्या असतात.

प्रकाशकाचे काम निराळे. मित्रांच्या काळी शिशाचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवावा लागे. मग मुद्रिते तपासायची, चित्रांचे ठसे करून घ्यायचे, कागद आणायचा, फॉर्मे छापायचे, बांधणी करायची आणि अंक टपालाने वर्गणीदारांकडे रवाना करायचे. संगणकाने खिळे गेले, हिशेब मात्र तोच राहिला. तो एका उदाहरणाने पाहू.

समजा, एका अंकाची अक्षरजुळणी, चित्रे आणि छपाईची तयारी यांस ६,००० रुपये लागतात. प्रती कितीही काढा, हा खर्च तेवढाच. कागद, छपाई आणि बांधणी यांस प्रत्येक प्रतीमागे २० रुपये लागतात. आता,
१०० प्रतींचा खर्च ८,००० रुपये, म्हणजे प्रत्येक प्रत ८० रुपयांना पडते.
५०० प्रतींचा खर्च १६,००० रुपये, म्हणजे प्रत ३२ रुपयांना पडते.
१,००० प्रतींचा खर्च २६,००० रुपये, म्हणजे प्रत २६ रुपयांना पडते.

(आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत.) वाचक वाढले की अंक स्वस्त होतो आणि वाचक घटले की महाग होतो. महाग झाला की वाचक आणखी घटतात. बहुतेक मासिके या फेऱ्यात सापडूनच बंद पडतात. त्यातून सुटण्याचे दोन मार्ग, वर्गणीदार आणि जाहिराती. अंक चांगला निघेल याची काळजी संपादकाने घ्यायची आणि तो पुढच्या महिन्यातही निघेल याची काळजी प्रकाशकाने. मित्रांच्या बाबतीत दोन्ही काळज्या एकाच डोक्यात होत्या. हे दोन विचार सतत भांडतात. खपासाठी हलके छापावे की दर्जासाठी तोटा सोसावा ? पंचवीस वर्षे मित्रांनी हे भांडण मिटवत नेले, ही त्यांची खरी कर्तबगारी.

त्यांच्या वाटेने गेलेले

पुढे शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके चालविली आणि कारखान्याच्या शिस्तीने ती घरोघरी पोचविली. अनंत अंतरकरांनी १९४६ साली ‘हंस’ सुरू केले. श्री. पु. भागवत (१९२३–२००७) यांनी ‘सत्यकथा’ मासिक आणि मौज प्रकाशन यांतून नव्या कथा-कवितेला घडविले. लेखकाशी पत्रव्यवहार करून लेखन पुन्हा पुन्हा तपासून घेण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ती ‘सत्यकथा’ही १९८२ साली बंद पडली. दर्जाला वर्गणीदारांची जोड लागते, हे तिच्याही उदाहरणाने दिसले.

आपल्या गोमंतकात बा. द. सातोस्कर यांचे नाव याच मालिकेत घ्यावे लागेल. मुंबईत सागर साहित्य ही प्रकाशनसंस्था चालविणारे सातोस्कर मुक्तीनंतर १९६२ साली निघालेल्या दैनिक ‘गोमन्तक’चे पहिले संपादक झाले. ‘गोमंतक : प्रकृती आणि संस्कृती’ हा त्यांचा ग्रंथ आपल्या ग्रंथालयात अवश्य पाहावा.

आपल्याशी याचा संबंध काय ?

पेडणे आणि डिचोली हे महाल अठराव्या शतकात सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्ये वेगळी झाली, सरहद्दीवर चौक्या बसल्या, तरी या भागातली मराठी टिकली. ती देवळातल्या कीर्तनाने टिकली, दशावताराने टिकली, गावच्या शाळामास्तरांनी टिकवली आणि मुंबई-बेळगावकडून येणाऱ्या छापील कागदानेही टिकवली. एक अंक आला की तो हातोहात गावभर फिरे. सुर्ल्यासारख्या गावात मराठी शाळा उभी आहे, ती या साखळीतली एक कडी आहे.

आज ही साखळी कुठे तुटते आहे, ते पालकांनी आणि विश्वस्तांनी स्पष्ट पाहावे असे आम्हाला वाटते. मुले मराठी बोलतात, परीक्षेपुरती लिहितातही. पण पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पान आपणहून वाचणारी मुले थोडी. मोबाईलला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. घरात वाचायला काही पडलेलेच नसेल तर मूल काय उचलणार ? वरचे गणित इथेही लागू पडते. शंभर घरांनी अंक घ्यायचे सोडले की उरलेल्यांना तो महाग होतो आणि एक दिवस मिळेनासा होतो. मराठी वाचन टिकवणे हे त्या अर्थाने वर्गणीदाराचे काम आहे.

म्हणून आमची तीन मागणी आहेत. प्रत्येक घराने दरवर्षी एक दिवाळी अंक विकत घ्यावा आणि वाचून झाल्यावर शेजारच्या घराशी बदलावा. विश्वस्तांनी शाळेच्या अंदाजपत्रकात दोन मराठी मासिकांच्या वर्गणीची कायम तरतूद करावी. आणि मुलांनी आपल्या वर्गाचे हस्तलिखित काढावे. मित्रांनीही आरंभ एका साध्या मासिकापासूनच केला होता.

स्वाध्याय

१. ‘संपूर्ण गोष्ट’ आणि क्रमशः गोष्ट यांतील फरक सांगा. वाचकाच्या दृष्टीने प्रत्येकीचा एक फायदा लिहा.
२. दिवाळी अंकाची कल्पना परकी, अंक मात्र मराठी. असे आणखी एक उदाहरण आपल्या परिसरातून शोधा.
३. वरील उदाहरणात २०० प्रती काढल्यास एक प्रत कितीला पडेल ? ती ३० रुपयांना विकायची, तर बाकीचे पैसे जाहिरातींतून किती उभे करावे लागतील ?
४. संपादकाने परत केलेल्या कवितेसोबत पाठवायचे चार ओळींचे पत्र लिहा. कवी दुखावता कामा नये आणि सुधारणाही कळली पाहिजे.

उपक्रम

घरातील आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी घरी कोणते मासिक किंवा दिवाळी अंक येत असे, तो कोण आणत असे आणि तो कितीजण वाचत ? उत्तरे एका पानावर लिहून वर्गशिक्षकांकडे द्या. निवडक पाने वर्गाच्या हस्तलिखितात घेऊ. निवड कोणी करायची ? वर्गाने आपला संपादक निवडावा, आणि त्याने परत केलेले पान लेखकाने हसतमुखाने पुन्हा लिहावे.