स्तनाचा कर्करोग : धोका कमी करता येतो



या पानावर एरवी बेणे, खत आणि पाणी यांचीच माहिती असते. आजचा विषय निराळा. "ऊसविकासवाल्याला यातलं काय कळतं?" असे कुणी म्हणेलही. पण आपल्या पुष्कळ सभासदांच्या लेकी-सुना आज पुण्यात राहतात, आणि पुणे शहराच्या कर्करोग नोंदणीत स्त्रियांमध्ये हाच रोग पहिल्या क्रमांकावर आहे. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागाची अशीच नोंद ठेवली जाते. तिथे प्रमाण शहरापेक्षा बरेच कमी आहे.

असे का? शहरात पहिले मूल उशिरा होते, मुले कमी असतात, अंगावर पाजणे लवकर सुटते, काम बैठे असते, वजन वाढते. म्हणून पोरीची शाळा सोडवून लग्न उरकावे, असा अर्थ मात्र कुणी काढू नये! आपल्या हातात आहे तेवढे बघावे.

पहिले म्हणजे अंगावर पाजणे. तीस देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून २००२ साली हिशेब मांडला गेला. सगळ्या बाळंतपणांचे मिळून जितके महिने पाजले, त्यातल्या दर बारा महिन्यांमागे आईचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी घटतो. सहा महिने निव्वळ आईचे दूध, पुढे वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षांपर्यंत पाजावे. सून नोकरी करत असेल तर घरच्यांनी तिला तेवढी सवड काढून द्यावी. डब्याच्या दुधाची घाई करू नये.

दुसरे म्हणजे पाळी गेल्यानंतरचे वजन. त्या वयात इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः चरबीत तयार होते, आणि स्तनातल्या बऱ्याच गाठी त्याच्यावरच पोसतात. बागायत झाली, दारात गाडी आली, तसे आपल्या बायकांचे चालणेही कमी झाले. रोज अर्धा तास भरभर चालावे. दारू थोडी घेतली तरी धोका वाढतो. पाळी गेल्यावर संप्रेरकाच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता वर्षानुवर्षे घेऊ नयेत.

बेणे प्रक्रिया केली तरी फडात काणीचे एखादे बेट निघतेच. फक्त कमी निघतात, आणि फेरी मारणाऱ्याला वेळेत सापडतात. इथेही तसेच. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांवर लक्ष ठेवले. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, हाताने तपासणी केली. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. त्याहून तरुण वयात तसा फरक दिसला नाही.

गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून बाई ती अंगावर काढते. ती सांगत नाही आणि आपण पुरुष विचारत नाही. नवी गाठ, कातडीला खळगा, आत ओढले गेलेले बोंड किंवा रक्ताळ स्राव दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. "तोड होऊ दे, मग बघू" हे नको. काही त्रास नसला तरी तिशीपुढच्या स्त्रियांनी सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून घ्यावी.

आणि घरात कुणाला हा रोग झाला होता का, हे डॉक्टरांना सांगताना माहेरची आई, बहीण, मावशी एवढ्यावर थांबू नये. तो वारसा बापाकडूनही येतो, तेव्हा आत्याचेही सांगावे.