मुरमांचे व्रण आणि काळे डाग

मुरूम बरे झाल्यावर चेहऱ्यावर दोन प्रकारच्या खुणा राहतात. त्यांतील भेद न ओळखल्याने पैसा व्यर्थ जातो. काळा डाग म्हणजे दाह झालेल्या जागी साठलेले रंगद्रव्य. उन्हापासून जपल्यास तो काही महिन्यांत बहुधा आपोआप फिका होतो. खड्डा ही मात्र त्वचेच्या आतील थराची हानी होय. तो मलमाने भरत नाही. सूक्ष्म सुयांचा उपचार किंवा लेसर यांनी त्याची खोली कमी होते. तेही नवे मुरूम थांबल्यावर आणि तज्ज्ञाकडूनच. सावळ्या त्वचेवर तीव्र लेसरने नवे डाग पडू शकतात.

खरा धोका आहे तो गोरेपणाच्या मलमांचा. त्यांपैकी कित्येकांत स्टेरॉइड असते. आरंभी चेहरा उजळतो, म्हणून शेजारीण शेजारणीस तीच नळी सुचविते. पुढे त्वचा पातळ व लाल होते, लव वाढते आणि मुरूम पुन्हा उसळतात. २०१८ साली केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांच्या मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री बंद केली; तरीही ती सर्रास मिळतात. विद्यार्थिनीजवळ अशी नळी आढळल्यास शिक्षकांनी रागावून ती काढून घेऊ नये. दीर्घकाळ लावलेले मलम एकाएकी थांबविल्यास त्वचा भडकते. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडवावे.