विसरभोळ्या साधकाने प्रपंच कसा सांभाळावा?

गळ्यात तुळशीची माळ आहे, एकादशी कधी चुकत नाही, हरिपाठ तोंडपाठ आहे. आणि तरीही छत्री गाडीत राहते, वीजबिलाची तारीख उलटून जाते, दूध उतू जाऊन विझलेल्या शेगडीजवळ आपण विचारात उभे असतो. असे वारकरी आपल्यात थोडे नाहीत. स्वभावाने शांत, आत वळलेली माणसे. एकदा विचारात शिरली की बाहेरून कोण हाक मारतो याचे भान त्यांना राहत नाही. गडकऱ्यांच्या ‘प्रेमसंन्यास’ नाटकातल्या विसरभोळ्या गोकुळाला मराठी प्रेक्षक पोट धरून हसले. पण नाटक संपले की प्रेक्षक घरी जातात. ज्या घरात गोकुळच नांदतो, त्या घराला रोज हसून कसे चालेल? म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास करू.

शंका : विसर हे वैराग्याचेच लक्षण नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, “अहो, देवाच्या नादात प्रपंच विसरला तर बिघडले कुठे? संत असेच होते की!” ही शंका भल्याभल्यांना पडते आणि आळसाला ती फार सोयीची असते. म्हणून ज्या कथेचा यासाठी नेहमी दाखला देतात, तीच नीट पाहू.

तेरढोकीच्या गोरोबाकाकांची कथा महिपतीबोवांनी ‘भक्तविजय’ ग्रंथात सांगितली आहे. तो ग्रंथ शके १६८४ मध्ये, म्हणजे इ. स. १७६२ साली पूर्ण झाला. काकांची बायको पाण्याला जाताना लेकरू काकांवर सोपवून गेली. काका नामाच्या रंगात चिखल तुडवीत होते. लेकरू रांगत त्या चिखलात आले आणि पायाखाली गेले. पुढे पांडुरंगाच्या कृपेने ते परत मिळाले, ही कथेची गोड बाजू आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो.

पण कथेने आईचा आकांत वगळलेला नाही. तिचा संताप वगळलेला नाही. काका तिच्यावर धावले तेव्हा तिने विठ्ठलाची आण घातली, तेही सांगितले आहे. तन्मयता कितीही थोर असली तरी तिची किंमत दुसऱ्याने मोजली, हे कथा लपवीत नाही. शिवाय लेकरू परत देणारा पांडुरंग होता. आपल्या विसराने सासूबाईंची रक्तदाबाची गोळी चुकली, तर ती चूक निस्तरायला देवाने यावे अशी अपेक्षा धरणे ही भक्ती नव्हे.

म्हणून एक साधी कसोटी ठेवावी. आपण काय विसरलो? स्वतःचे जेवण विसरलो तर ती आपली गोष्ट. दुसऱ्याचे औषध, दुसऱ्याला दिलेला शब्द, शाळेच्या दारात वाट पाहणारे मूल विसरलो, तर त्याला वैराग्य म्हणू नये. वैराग्यात माणूस आपले सोडतो. येथे तर दुसऱ्याचे सुटते.

विसराचे दोन प्रकार

कणगीतले धान्य संपले, याची कारणे दोन असू शकतात. एक, भरलेले धान्य हळूहळू किडीने खाल्ले. दुसरे, कणगीत धान्य टाकलेच नव्हते. विसराचेही असेच आहे. हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॅनिअल शॅक्टर यांनी २००१ सालच्या आपल्या ग्रंथात स्मृतीचे सात दोष मांडले. त्यात काळाने आठवण पुसट होणे हा एक दोष, आणि मुळात अवधानच नसणे हा वेगळा दोष, असे त्यांनी सांगितले. चष्मा ठेवताना मन दुसरीकडे होते, तर ‘चष्मा येथे ठेवला’ हे मनात शिरलेच नाही. जे शिरले नाही ते आठवणार कसे?

चिंतनशील माणसाचा विसर बहुतेक या दुसऱ्या जातीचा असतो. त्याची स्मरणशक्ती चांगली असते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या कीर्तनातला दृष्टांत तो जसाच्या तसा सांगेल. कारण त्या वेळी त्याचे सगळे मन तेथे होते. आता किल्ली ठेवताना मन तेथे नव्हते, एवढेच. म्हणून ‘माझे डोकेच कमी’ असे म्हणून खंत करू नये, आणि नुसते बदाम खाऊन हे जाईल अशा आशेवरही बसू नये.

गीतेतला स्मृतिभ्रंश याहून निराळा. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी विषयचिंतनापासून क्रोधापर्यंत आणि तेथून स्मृतिभ्रंशापर्यंतची उतरंड दाखवली. तो भ्रंश म्हणजे आपण कोण आणि आपले कर्तव्य काय याचा विसर. अठराव्या अध्यायात अर्जुन स्मृती परत मिळाल्याचे सांगतो, तेही याच अर्थाने. छत्री हरवली म्हणजे बुद्धिनाश झाला नाही. पण छत्री हरवल्यावर घरच्यांवर चिडणे, हे मात्र त्या उतरंडीच्या पायरीवर पाय ठेवणे होय.

संप्रदायाची रीत

आता प्रश्न असा की उपाय काय? तो आपल्या संप्रदायातच आहे. आपण तो देवघरापुरता ठेवला, इतकेच.

पाहा, वारकऱ्याचे नामस्मरण स्मरणशक्तीवर सोडलेले नाही. माळ पेटीत नसते, गळ्यात असते; म्हणून ती विसरत नाही. जप मोजायला मन लागत नाही, एकशेआठ मणी मोजतात. उपवास कधी, ते एकादशी ठरवते. दिंडीत कोणी कोठे चालायचे ते ठरलेले, आणि रांग मोडली तर चोपदार आहेच. ‘आठवले तर करीन’ असे येथे काही नाही. आठवण मनातून काढून वस्तूला, वेळेला, जागेला आणि सोबत्याला बांधली आहे. यालाच आपण नियम म्हणतो.

आणि लिहिण्याचे महत्त्वही संतांनी जाणले होते. नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, माउलींनी सांगितलेली ज्ञानेश्वरी सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. पुढे नकला होता होता पाठ बिघडले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथमहाराजांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. नित्य वाचनातल्या ग्रंथालाही ताडून पाहावे लागले, मग वाणसामानाची यादी आपण तोंडी का ठेवावी? आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरातच पाहा ना. तेथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हे साल आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. सगळे साक्षीदार गेले. लिहिले तेवढे राहिले.

नित्याचे पाच नियम

पहिला नियम : वस्तूला जागा. किल्ली, चष्मा, पास, पैशाचे पाकीट यांना घरात एकच जागा असावी. दाराजवळ एक खुंटी आणि एक टोपली पुरे. घरात पाऊल टाकताच, चप्पल काढण्याच्या आधी वस्तू तेथे जावी. मग शोधायला आठवण लागतच नाही.

दुसरा नियम : कामाला खूण. ‘संध्याकाळी गोळी घेईन’ हा मोघम संकल्प आहे. ‘हरिपाठ संपून टाळ खाली ठेवले की शेजारच्या डबीतली गोळी घेईन’ हा खुणेला बांधलेला संकल्प. ‘अमके झाले की तमके करीन’ अशा रीतीने आधी ठरवलेली कामे अधिक पार पडतात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली अनेक प्रयोगांच्या आधारे मांडले. गोरोबाकाकांच्या कथेतही हेच दिसते. लेकरू सांभाळणे हे मोघम राहिले आणि सुटले. पण विठ्ठलाची आण स्पर्शाच्या प्रसंगाला बांधलेली होती. जागेपणी ती त्यांच्याकडून कधी मोडली नाही.

तिसरा नियम : उच्चार. रेल्वेच्या इंजिनात चालक आणि सहचालक सिग्नल दिसला की तो एकमेकांना मोठ्याने सांगतात. डोळ्याला दिसले तरी तोंडाने म्हणायचे, कारण नुसते डोळे सवयीने पुढे जातात. आपणही गॅसच्या खटक्याला हात लावून “गॅस बंद केला” असे म्हणावे. कुलूप ओढून “कुलूप लागले” म्हणावे. शेजारी हसले तर हसू द्या. अर्ध्या वाटेवरून परत येण्यापेक्षा ते बरे.

चौथा नियम : एकच वही. दहा चिठ्ठ्या म्हणजे हरवायच्या दहा जागा. खिशात मावेल अशी एकच वही असावी आणि ती पाहण्याच्या दोन वेळा ठरलेल्या असाव्यात. सकाळी पूजेनंतर आणि रात्री अंथरुणावर पडण्याआधी. जुनी माणसे उपरण्याला गाठ मारीत. त्या गाठीत खोट एवढीच की काहीतरी करायचे आहे हे ती सांगते, काय ते सांगत नाही. मोबाइलच्या गजराचेही तसेच. नुसता गजर लावू नये, त्यात ‘आईची गोळी’ असे शब्द घालावेत.

पाचवा नियम : चिंतनाला उंबरठा. आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडची पुष्कळ मंडळी रोज लोकलने मुंबईला जातात. बदलापूर मुंबईपासून सुमारे ६८ किलोमीटर, म्हणजे गाडीत दीड तासाच्या आसपास वेळ. डब्यात भजन रंगते, कोणी पोथी उघडतो, कोणी डोळे मिटून चिंतन करतो. हे सुख सोडा असे कोण म्हणेल? पण त्याला शेवट ठरवून द्यावा. येताना कल्याण सुटले की विठ्ठलवाडी स्टेशन येते. देवाचे नाव आयतेच कानावर पडते. तीच खूण धरावी. विठ्ठलवाडी ऐकले की पोथी मिटावी आणि नग मोजावेत : पिशवी, डबा, छत्री, तीन. चढताना मोजलेले आणि आता मोजलेले जुळले पाहिजेत. एवढे करूनही काही राहिलेच, तर खंत करीत बसू नये. लगेच रेल्वेच्या १३९ क्रमांकावर कळवावे आणि गाडीची वेळ व डबा सांगावा. त्यासाठी चढतानाच तेवढे पाहून ठेवण्याची सवय बरी.

वीणेचा पहारा

हे पाच नियम वस्तूंचे आणि कामांचे झाले. पण सर्वांत नाजूक गोष्ट माणसे सांभाळण्याची. तिचा धडा सप्ताहातल्या वीणेच्या पहाऱ्यात आहे. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहारा संपला म्हणून वीणेकरी उठून जात नाही; पुढचा येतो, वीणा त्याच्या गळ्यात जाते, मगच पहिला मोकळा होतो. ‘तो घेईलच’ असे गृहीत धरले तर वीणा जमिनीवर येते.

घरात मूल, आजारी माणूस, चुलीवरचे भांडे ही सारी वीणाच समजावी. “अहो, बाळाकडे बघा, मी पाणी भरून येते,” असे दारातून ओरडून जाणे म्हणजे वीणा दिली असे नव्हे. विचारात बुडालेल्या माणसाच्या तोंडून “हूं” निघते, पण ऐकलेले नसते. म्हणून देणाऱ्याने समोर यावे, डोळ्याला डोळा मिळवावा. घेणाऱ्याने हातातले खाली ठेवून स्पष्ट म्हणावे, “बाळ माझ्याकडे.” आणि मन खरोखर दुसरीकडे असेल तर तेही खरे सांगावे : “आत्ता माझे लक्ष नाही, मला देऊ नकोस.” असे सांगणे कमीपणाचे नाही. वीणा पेलवत नसताना गळ्यात घालून घेण्यापेक्षा ते पुष्कळ प्रामाणिक आहे.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. ‘विसराळू’ हे नाव चिकटवून चारचौघांत हसू करू नये. चुकेल या धास्तीने माणसाचे लक्ष आणखी उडते. आणि विसरणाऱ्याने “मी असाच आहे” हे वाक्य टाकून द्यावे. चुकले तर क्षमा मागावी आणि कोणता नियम ढिला पडला ते त्याच दिवशी पाहावे.

वैद्याकडे केव्हा जावे

प्रत्येक विसर स्वभावाचा नसतो, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड मंदावले, झोप मोडली, मन खिन्न राहिले किंवा काही औषधे चालू असली, तरीही विसर वाढतो. आपण माळकरी शाकाहारी. ब-१२ धान्य-भाजीत स्वभावतः नसते, दूध-दह्यात असते. उतारवयात आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होण्याचा संभव असतो. रक्ताच्या साध्या तपासणीने हे कळते आणि त्यावर उपचार आहे. मात्र आपल्या मनाने गोळ्या-इंजेक्शने सुरू करू नयेत.

किल्ली कोठे ठेवली हे विसरणे वेगळे आणि किल्ली कशासाठी असते हे विसरणे वेगळे. रोजच्या वाटेवर वाट चुकणे, तेच ते पुन्हा पुन्हा विचारणे, नेहमीचा हिशेब न जमणे, ओळखीचे शब्द न सापडणे, असे दिसू लागले तर ‘वय झाले’ म्हणून थांबू नये, डॉक्टरांना दाखवावे. एकाएकी गोंधळ उडाला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात-पाय लुळा पडला, तर त्याच क्षणी इस्पितळ गाठावे.

सारांश

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की स्मृती आणि तिचे लोपणे ही दोन्ही माझ्यापासूनच आहेत. म्हणून विसराची लाज बाळगू नये. पण त्याने जशी स्मृती दिली तशीच माळ, वेळ, लेखणी आणि सोबतीही दिले आहेत. देवाचे नाव आपण ज्या रीतीने जपतो, त्याच रीतीने घरच्यांना दिलेला शब्द जपावा. आत वळलेले मन ही मोठी देणगी आहे. तिचे मोल बायकोने, लेकरांनी आणि म्हाताऱ्या आईने भरू नये, एवढेच पाहायचे. आजपासून पाचातला एकच नियम धरा. पुढच्या एकादशीपर्यंत तो मोडू देऊ नका. मग दुसरा घ्या.

रामकृष्णहरी.