तानपुरा वाजता ठेव

चि. सोनूस,


तानपुरा रत्नागिरीला सुखरूप पोचला हे वाचून जीव भांड्यात पडला. पण त्याला चकाकी आणायला फर्निचरचं पॉलिश घेऊन आलीस, ते मात्र त्याच्याजवळ नेऊ नकोस. मिरजेच्या तानपुऱ्याला लाखेचं पॉलिश असतं आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर, अत्तर, काहीही लागलं तरी डाग पडतो. ओलं फडकंही नको. जुन्या सुती साडीचा कोरडा, मऊ तुकडा पुरे.

तो चकचकीत दिसला नाही तरी चालेल, नीट बोलला पाहिजे. त्याचा आवाज मारणारी धूळ बसते तारांखाली, भोपळ्यावरच्या लाकडी तबलीवर आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या आसपास. कापडाची अरुंद पट्टी तारांखालून ओव आणि दोन्ही टोकं धरून हलक्या हातानं मागेपुढे ओढ. घोडीला धक्का लागू देऊ नकोस. ती तबलीला चिकटवलेली नसते, तारांच्या ताणावर उभी असते. गाणं संपलं की प्रत्येक तार बोटांच्या चिमटीत कोरडं कापड धरून वरपासून खालपर्यंत पूस. घामानं पोलादी तार गंजते, पितळी काळवंडते.

आता घोडीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळं गाणं तिथून निघतं. तिचा माथा सपाट वाटतो, पण त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उतारावर टेकत-सुटत कंप पावते, म्हणून एका तारेतून इतके सूर उमलतात. खर्जाची तार छेडून थोडं थांबलीस तर तिच्यातून गंधार ऐकू येईल. तार आणि घोडी यांच्यामध्ये जो सुती दोरा असतो, तो केसभर सरकवत जा आणि कान देऊन बस. एका जागी आवाज एकदम उघडतो. दोरा मळून चपटा झाला की बदल, साधा सुती चालतो. घोडीवर तेलाचा थेंबही पडू देऊ नकोस, त्यावर धूळ धरते. पितळी तारेखाली काळी रेघ दिसेल. ती घालवायला पॉलिशपेपर घेशील तर उतारच जाईल.

तारांचे चरे खोल गेले आणि दोरा कुठेही सरकवून तार मुकीच राहिली, तर जवारी काढायची, म्हणजे घोडीचा तो उतार पुन्हा घडवायची वेळ झाली असं समज. ते काम मिरजेच्या सतारमेकर गल्लीतच करून घे. शस्त्रं घडवणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातून फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात या वाद्यांकडे वळले, तेव्हापासून ही विद्या तिथे वडिलांकडून मुलाकडे येते आहे. कारागीर कानस एकदा फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा फिरवतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मला फार आनंद झाला. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचाही वाद्यांच्या दुरुस्तीत हात बसलेला होता. गवयाला आपलं वाद्य आतून कळलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तूही एकदा कारागिराशेजारी बसून ते काम बघ, पण स्वतः कानस हातात घेऊ नकोस.

तुमच्याकडच्या पावसाची मला खरी धास्ती आहे. तुझ्या तानपुऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या हवेत वाढलेला. ओल लागली की सरसाचे सांधे सुटतात, बुरशी धरते. बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, प्लास्टिकमध्ये तर मुळीच गुंडाळू नकोस. गवसणी सुतीच हवी आणि पावसाळ्यात ती दमट वाटली की वाळवून मगच घाल. तानपुरा आडवा ठेवायचा तर भोपळ्याखाली चुंबळ दे, टणक फरशीवर तो तडकतो. भोपळ्याजवळ बारीक भुकटी पडलेली दिसली तर कीड लागली असेल, मला लगेच फोन कर.

फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज सोपा जातो हे मान्य. प्रवासात जरूर वापर. घरी मात्र रोज हाच काढ. गवसणीत पडून राहिलेला तानपुरा कधी बिघडला हे कुणाला कळतसुद्धा नाही. रोज जुळवणाऱ्याला दोरा सरकल्याचं, सांधा सैल झाल्याचं त्याच दिवशी कळतं.

खर्जाची तार काळी पडली आहे म्हणालीस. तिला चिंच-लिंबू लावू नकोस, बदलून टाक. सोबत पितळी तारेचं वेटोळं पाठवते आहे. बाकीच्या तीन तारा ताणलेल्याच राहू देत, म्हणजे घोडी जागची हलणार नाही. नवी तार सुरुवातीला उतरत राहते, त्याला घाबरू नकोस. खुंटी सरकत असेल तर काढून थोडी खडूची पूड लाव आणि आत दाबत फिरव.

दादा-वहिनींना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या